ऐन बुत्मेचं बोलावणं

सकाळी सातला निघायचं असं लबीबने थोरल्या बहिणीला, वदादला, बजावून बजावून सांगितलं होतं. निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते, कारण वदादला शेजारणीचा निरोप घ्यायचा होता आणि शेजारणीने कॉफी ठेवली होती. लबीब खाली गाडीत बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. वरून हसण्याचे आवाज येत होते. निरोप घ्यायला एवढं हसावं लागत असेल तर लग्नात काय करत असतील, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वदादचं विमान होतं. पन्नास वर्षांपूर्वी लग्न करून ती मेलबर्नला गेली, ती आता नवरा वारल्यावर आली होती. मुलं आपापल्या संसारात, घर मोठं आणि घरात एकटी. ती इथे तीन आठवडे राहिली, आणि ते तीन आठवडे तिने मावशीच्या सुना, चुलत्यांची थडगी, शाळेतल्या मैत्रिणी आणि मैत्रिणींच्या गुडघ्यांची ऑपरेशनं यात घालवले. ज्या एका गोष्टीसाठी लबीबने तिला बोलावलं होतं, ती ढकलत ढकलत शेवटच्या दिवसावर आली होती.

ती गोष्ट म्हणजे ऐन बुत्मेचं घर. बैरूतहून निघून डोंगर चढून दमास्कसला उतरणारी छोटी रेल्वे होती तेव्हा ऐन बुत्मे हे तिचं एक लहानसं ठाणं होतं. एक टाकी, एक घंटा, एक बुत्म्याचं, म्हणजे रानपिस्त्याचं झाड आणि दोन खोल्यांचं दगडी घर. त्या घरात लबीबचे वडील रुळांचे सांधे बदलायचे, म्हणजे राहायचे तिथे आणि सांधे बदलायचे बाहेर. चढ इतका खडा की दोन रुळांच्या मधे तिसरा, दातेरी रूळ होता. इंजिनाचं दात्यांचं चाक त्यात अडकायचं आणि गाडी एकेक दात चावत वर यायची. मग युद्ध आलं, गाडी बंद पडली, कुटुंब खाली आलै गावात उतरलं. घर सरकारचं होतं. त्यांचं फक्त लहानपण तिथलं होतं.

आता खरी गोष्ट अशी की लबीबला बहीण परत जायला नको होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा रबीह आफ्रिकेत, आबिजानला. दिवसभर रंग आणि खिळ्यांच्या दुकानात बोलायला माणूस मिळायचं, पण संध्याकाळी जनरेटर सुरू झाला की घरात तेवढाच एक आवाज असायचा. वदाद यायच्या आधी त्याने मागची खोली रिकामी केली, दुकानातूनच फिकट पिवळ्या रंगाचे डबे आणून स्वतः रंग दिला, नवी गादी आणली, थंडीसाठी हीटर आणला. वदादने विचारलं, खोली कुणासाठी रे? तर हा म्हणाला, रबीहसाठी. तोंडाने मागणं त्याच्या घराण्यात नव्हतं. त्याचा बाप अख्ख्या आयुष्यात घंटेनेच बोलला होता.

म्हणून त्याने मनाशी बेत केला होता. वदाद ते घर बघेल. तिचे पाय लटपटतील. ती आपणहून म्हणेल, लबीब, मला नाही जायचं. घर बोललं की आपल्याला बोलावं लागणार नाही. बेत चांगला होता. त्यासाठी फक्त लवकर निघायला हवं होतं.

सोफर गावाच्या अलीकडे लष्कराचा नाका होता. पोरसवदा शिपायाने खिडकीतून आत डोकावून बघितलं आणि हात हलवला, "तफद्दल." लबीबने गाडी पुढे काढली. वदाद हसली. म्हणाली, बघ, शिपाईसुद्धा काय गोड बोलतो. लबीब म्हणाला, तो आत ये म्हणत नाहीये, पुढे हो म्हणतोय. हा एकच शब्द, बाईला तफद्दली, दोघातिघांना तफद्दलू, इकडे सगळ्या कामाला येतो. या, बसा, घ्या, जेवा, आधी तुम्ही, पुढे व्हा, आणि वेळ आली तर चालते व्हा. कुठे कुठला ते ज्याचं त्याने ओळखायचं.

ऐन बुत्मेला गाडीरस्ता होता, पण कुणीतरी तिथे बंगल्यांची वसाहत काढायला घेतली होती, ती अर्धवट पडली होती, आणि रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक मात्र पूर्ण झालं होतं. फाटकावरच्या राखणदाराने मान हलवली. मालकाचा हुकूम नाही. लबीबने गोड बोलून बघितलं, चढ्या आवाजात बोलून बघितलं, सिगारेट दिली. सिगारेट घेतली, फाटक उघडलं नाही. राहिला एकच मार्ग, सोफरच्या जुन्या स्टेशनापासून रुळाच्या वाटेने चालत. वदाद म्हणाली, उलट तेच बरं, मला रूळ बघायचेच आहेत. लबीबने सूर्याकडे बघितलं आणि गाडी वळवली.

रूळ बघायचे म्हणजे आधी ते असायला हवेत. सोफरच्या स्टेशनाचं छप्पर गेलं होतं आणि तिकिटाच्या खिडकीतून पाइनच्या फांद्या बाहेर आल्या होत्या. फलाटापुढे दहा-वीस पावलं रूळ दिसले, मग ते डांबराखाली गेले, मग एका गॅरेजच्या छताला तुळया होऊन दिसले, मग एका बागेच्या दाराचे खांब होऊन. वदाद प्रत्येक ठिकाणी थांबून लोखंडावर हात फिरवत होती आणि सांगत होती, हा आपलाच. मधला दातेरी रूळ तर कुठेच नव्हता. भंगारवाल्यांनी तो सगळ्यात आधी नेला असणार, सगळ्यात जड तोच होता. उरली होती ती वाट, डोंगराच्या कमरेला धरून चाललेली, एका बाजूला जुन्या घडीव दगडांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी. भिंत अजून सरळ उभी होती. त्या भिंतीचं लबीबला कौतुक वाटायला हवं होतं, पण त्याचं लक्ष वदादच्या गुडघ्यांकडे आणि सूर्याकडे होतं.

पहिल्या वळणावर एका म्हातारीने रुळाच्या जागेवर चादरी अंथरून सुमाक हा आंबट मसाला वाळत घातला होता. ही उम्म मुनीफ, म्हणजे मुनीफची आई. तिने सज्ज्यातून दोघांना बघितलं आणि हातातलं काम न थांबवता हाक मारली, "तफद्दलू, कॉफीला."

लबीबने रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवला. "सलामत राहा, मावशी. पुन्हा कधीतरी." आणि चालू लागला. पाच पावलांवर त्याच्या लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीत. वदाद फाटक उघडून आत गेली होती.

उम्म मुनीफचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ती जुन्या वळणाची बाई. तिने लगेच हात पुसले, आतून सुनेला उठवलं, शेगडी पेटवली. कॉफी आली, कॉफीवर अंजिराचा मुरंबा आला, मुरंब्यावर नातवाच्या पदवीदानाचे फोटो आले. वदादने नातवाची सगळी चौकशी केली. लबीब खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होता आणि उम्म मुनीफ त्याला विचारत होती, बेटा, तुला संडासला जायचं आहे का?

वाटेला लागल्यावर त्याने बहिणीला धडाच दिला. अगं, लोक म्हणतात म्हणून म्हणतात. दारावरून माणूस चाललंय आणि आपण गप्प बसलो तर बरं दिसत नाही, म्हणून म्हणतात. पहिलं बोलावणं तोंडाचं. दुसरं शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. तिसरं मनाचं. दोनदा 'पुन्हा कधीतरी' म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा म्हणालं तर मात्र बसायचं, नाहीतर त्या माणसाचा अपमान. एवढंही विसरलीस? तिकडच्या कांगारूंनी काय शिकवलं तुला पन्नास वर्षं?

"विसरले नाही," वदाद म्हणाली. "पन्नास वर्षांत तिकडे मला रस्त्यातून हाक मारून कुणी एकदाही आत बोलावलं नाही, खय्यी, माझ्या भावा. म्हणून मी पहिल्यालाच जाते."

लबीब म्हणाला, ते सगळं ठीक आहे, पण ऊन बघ कुठे आलंय. आणि त्याने तिच्याकडून 'सलामत राहा, तुमचं घर भरलेलं राहो, पुन्हा कधीतरी' एवढं तीन-चार वेळा म्हणवून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं. वदादने निमूट म्हटलं. थोरली असून तिने ऐकून घेतलं याचंच त्याला समाधान वाटलं.

पुढे वाट एका भिंतीला जाऊन आपटली. भिंत नवी, पांढरी, आणि तिच्यामागे थेट रुळाच्या जागेवर कुणीतरी पोहण्याचा तलाव बांधला होता. लबीबने कपाळाला हात लावला. दोन देश जोडायला डोंगर फोडून काढलेली वाट, आणि तिच्यावर कुणाच्या तरी पोरांनी उड्या मारायच्या. खाली उतरून वळसा घालायचा तर वदादचे गुडघे राहिले असते. तो हातातल्या काठीने भिंत कुठून सुरू होते, रूळ कुठून गेला असेल, असा अंदाज घेत होता, तेवढ्यात बाजूच्या फाटकातून एक जाडजूड गृहस्थ बाहेर आला. अंगात धावायचा सूट, पण धावल्याची खूण नाही. बरोबर भुंकणारा कुत्रा.

"कुठल्या खात्याचे?" त्याने विचारलं.

लबीबच्या ध्यानात आलं की काठी खाली करायला हवी होती. हा माणूस आपल्याला मोजणीवाले समजतोय. तो सांगणार की आम्ही साधे वाटसरू, तोच वदाद मोठ्या अभिमानाने पुढे झाली. "आमचे वडील रेल्वेत होते," ती म्हणाली. "ही लाइन आमचीच."

त्या गृहस्थाचा रंग उतरला आणि मग चढला. तो म्हणाला की त्याचा वकील बैरूतमधला सगळ्यात महागडा वकील आहे. तो म्हणाला की ज्यांना यायचं होतं त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी यायचं होतं. मग त्याने फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे लांब हात केला आणि दात आवळून म्हणाला, "तफद्दलू."

हा कुठला तफद्दलू हे आंधळ्यालाही कळलं असतं. वदाद "सलामत राहा" म्हणाली, त्याच्या हाताखालून आत गेली आणि तलावाकाठच्या छत्रीखाली खुर्ची ओढून बसली.

कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला. लबीबला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गृहस्थ काही वेळ फाटकात हात तसाच लांब धरून उभा राहिला. पण अंगणात येऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कॉफीशिवाय घालवणं त्याच्या बापजाद्यांनी केलं नव्हतं, आणि तलाव बांधला तरी बापजादे तेच होते. त्याने आत आवाज दिला. त्याची बायको तबक घेऊन आली. मग पर्सिमन आले, मग त्याचा रक्तदाब आला, मग त्याची मेलबर्नमधली चुलतबहीण निघाली, आणि ती वदादच्या गल्लीपासून चार गल्ल्यांवर राहत होती. लबीबने एक घोटही घेतला नाही. त्याची कॉफी गार झाली आणि ऊन छत्रीच्या बुडख्यापर्यंत आलं. शेवटी गृहस्थाने स्वतः तलावामागचं दार उघडून दिलं, म्हणजे वळसा वाचला. वदादने रिकामा पेला खाली ठेवत म्हटलं, "दायमे," कायम असो. बाई तिच्या गालाला गाल लावून निरोप देत होती.

दार मागे बंद झाल्याबरोबर लबीबचा तोल गेला. "हाकलत होता तो आपल्याला! हाकलत होता, आणि तू आत जाऊन बसलीस."

"कळलं की मला," वदाद म्हणाली. "पण कॉफी चांगली होती."

लबीब चडफडत पुढे चालू लागला. उपाशीपोटी त्याचं डोकं दुखत होतं, बुटात खडा गेला होता आणि बूट काढायला थांबायचं म्हणजे वदादला पुन्हा कुणाच्या तरी दारात सोडायचं. आयुष्यात एकदा माणसाने काही मागायचं ठरवावं, तेही न बोलता मागायचं ठरवावं, तर अख्खा डोंगर कॉफीचं भांडं घेऊन आडवा यावा, हा काय न्याय झाला?

बोगद्याच्या तोंडाशी शेणाचा वास आला. कुणीतरी आत शेळ्या बांधत असणार. शेळ्या चरायला गेल्या होत्या आणि आपली आठवण घोट्याएवढी सोडून गेल्या होत्या. लबीबने फोनचा उजेड केला. छतावर अजून इंजिनाची काजळी होती. वदादने त्याचा हात धरला, लहानपणी धरायची तसा, मनगटाच्या वर.

बोगदा आला की आई रुमाल ओले करून दोघांच्या नाकावर दाबायची, धूर जाऊ नये म्हणून. तिच्या हाताला कांद्याचा वास असायचा. मग अंधारात आधी दात्यांचा आवाज यायचा, खट खट खट, आणि वदाद मोजायची, आणि लबीबला वाटायचं की ती मोजते म्हणूनच गाडी वर जाते. हे सगळं त्याला आत्ता आठवलं. इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहून तीस वर्षांत तो एकदाही इकडे आला नव्हता.

"रबीह कधी येतोय?" वदादने अंधारात विचारलं. "त्या पिवळ्या खोलीत?"

"येईल," लबीब म्हणाला.

"रंग छान दिलायस. मला पिवळा आवडतो हे त्याला माहीत नसेल."

बोगद्याचं दुसरं तोंड समोर दिसत होतं. लबीबने घसा खाकरला. शब्द जिभेपर्यंत आले होते. मग त्याने विचार केला, आता दहा मिनिटांवर घर आहे, शब्द कशाला घालवायचे, घरच सांगेल. तो म्हणाला, खाली बघून चाल, शेण आहे.

घर होतं. भिंती होत्या, बुत्म्याचं झाड होतं, टाकीचे लोखंडी पाय होते आणि टाकी नव्हती. पण छपरावर निळी ताडपत्री होती, ताडपत्रीवर टायर होते, दारात वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे होते आणि जिथून गाडी जायची त्या पट्टीत पुदिना आणि वालाच्या शेंगा लावल्या होत्या. घरात माणसं राहत होती. लबीबने घराची हजार रूपं मनात आणली होती, पडकं, जळकं, झुडपांनी भरलेलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी संसाराने भरलेलं घर त्यात नव्हतं.

वदाद मात्र खाली बघत होती. उंबऱ्यापुढे, सिमेंटमध्ये पक्का बसवलेला, हातभर लांबीचा दातेरी रूळ होता. वडिलांनीच तो तुकडा बसवला होता, बर्फ आणि चिखल बुटांवरून खरवडायला. आई कुणालाही पाय घासल्याशिवाय आत घेत नसे, साहेब तपासणीला आला तेव्हा त्यालाही तिने थांबवलं होतं. सगळ्या डोंगरावरचे दात भंगारात गेले होते आणि एवढे चार-पाच उरले होते, घासून घासून गुळगुळीत. वदादने एक हात भिंतीला लावला, उजवा बूट दात्यांवर ठेवला आणि शेळ्यांचं शेण खरवडायला लागली. मग डावा. तिने खूप वेळ घेतला.

आवाजाने एक तरुण बाई बाहेर आली. तिला उम्म यज़न म्हणत. सीमेपलीकडच्या, सीरियातल्या ज़बदानीची, म्हणजे याच रुळाच्या पलीकडच्या टोकाकडची. दहा वर्षांपूर्वी तिकडच्या युद्धातून पोरं कडेवर घेऊन आली होती. तिने दोन म्हाताऱ्यांना बघितलं, त्यांच्या बुटांना बघितलं. "तफद्दली, मावशी," ती म्हणाली.

वदाद म्हणाली, "सलामत राहा. पुन्हा कधीतरी."

लबीबने चमकून बघितलं. बाई म्हणाली, असं कसं, चहा तयार आहे, तफद्दली. वदाद म्हणाली, तुझं घर भरलेलं राहो, पोरी, पुन्हा कधीतरी. तेव्हा ती बाई उंबऱ्यावरून खाली उतरली, तिने वदादची बाही धरली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, आणि वदाद तिच्यामागून आत गेली. एक अक्षर चुकलं नव्हतं. दिवसभराच्या शिकवणीचं फळ म्हणून लबीबला बरं वाटायला हवं होतं. पण नेमकं इथेच, आपल्याच दारात, तिने परक्यासारखं वागायला शिकावं, हे त्याला बोचलं.

आत चहा फार गोड होता. वदाद बसली होती ती जागा आईच्या चुलीची होती. दिव्याचा कोनाडा तसाच होता, त्यात आता औषधाच्या बाटल्या होत्या. उम्म यज़न छप्पर कुठे गळतं ते दाखवत होती आणि मधेच थांबून तिने भीत भीत विचारलं, घर तुमचं आहे का? आम्हाला निघावं लागेल का?

"नाही गं," वदाद म्हणाली. "आमचं कधीच नव्हतं. आम्हीही इथे राहायलाच होतो."

बस, संपलं. पाय लटपटले नाहीत, डोळ्याला रुमाल लागला नाही, ती काही म्हणाली नाही. घर बोललं ते एवढंच, की पश्चिमेकडून गळतं. लबीबने ग्लास खाली ठेवला आणि उठला. अंधारात बोगद्यातून परत जाणं शक्य नव्हतं, पण उम्म यज़नने सांगितलं की तिचा नवरा पिकअप घेऊन येतोय, तो सोडेल. फाटक? ती हसली. फाटकाचा राखणदार तिचा दीर होता. लबीबने दात आवळले. सकाळी कुणी हे सांगितलं असतं तर एक सिगारेट आणि एक अख्खा दिवस वाचला असता.

ते दोघं पिकअपची वाट बघत उंबऱ्यापुढे उभे राहिले. दरीत धुकं चढत होतं. वदाद पुन्हा त्या दात्यांवर बूट घासत होती, आता घासण्यासारखं काही उरलं नसताना. लबीबला कळलं की आता घर नाही, बोगदा नाही, दुसरं कुणीच बोलणार नाही. त्याने तिच्याकडे न बघता, बुत्म्याच्या झाडाकडे बघून म्हटलं, "ती खोली रबीहची नाही. तुझ्यासाठी रंगवली. राहा माझ्याकडे. तफद्दली."

बूट थांबला. "सलामत राहा, खय्यी," वदाद म्हणाली. "पुन्हा कधीतरी."

त्याला वाटलं आपण नीट बोललो नाही. "खरं म्हणतोय मी, ताई. हीटरही आणलाय. तफद्दली."

"तुझं घर भरलेलं राहो," ती म्हणाली, हळू आणि स्पष्ट. "पुन्हा कधीतरी."

आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. पाय दात्यांवरच होता. लबीबने ते बघितलं आणि त्याला फक्त राग आला. सासष्ट वर्षांचा माणूस दोनदा मागतो आणि त्याला त्याचेच शब्द उलटे ऐकवले जातात. इकडे 'पुन्हा कधीतरी' म्हणजे कधीच नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेवढ्यात वळणावर पिकअपचा हॉर्न वाजला. लबीब म्हणाला, "चल, गाडी आली," आणि पुढे झाला.

परतीच्या वाटेवर तो बोलला नाही. जेवताना मीठ मागितलं तेवढंच. सकाळी विमानतळाच्या रस्त्यावरही त्याने रेडिओ लावून ठेवला आणि वदाद खिडकीतून बाहेर बघत राहिली. ढकलगाडीवर बॅगा त्यानेच चढवल्या, पट्टा नीट आवळला, काम चोख केलं. काचेच्या दारापुढे तिकीट नसलेल्यांना जाऊ देत नव्हते. तिथे वदादने त्याला मिठी मारली, ढकलगाडी फिरवली आणि दारात जाऊन वळली.

"दोनदाच म्हणालास, खय्यी," ती म्हणाली. "मी सकाळपर्यंत वाट बघितली."

दार सरकून बंद झालं. लबीब तिथेच उभा राहिला. धडा कुणी दिला होता, पाढे कुणी म्हणवून घेतले होते, तिसरं बोलावणं कशाचं असतं हे कुणी सांगितलं होतं, ते एकेक करून त्याच्या ध्यानात येत गेलं. मग तो काचेला दोन्ही हात लावून ओरडला, "तफद्दली! वदाद, तफद्दली!" आत तिची पाठ माणसांमध्ये लहान होत चालली होती. तिला ऐकू गेलं नाही.

मागून लोक खोळंबले होते. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याच्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि बाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं.

"तफद्दल, काका," तो म्हणाला.

आणि लबीब पहिल्याच बोलावण्याला निघाला.